झेल्याझ्कोचा झ

पायांत वहाणा नाहीत, डोक्याला पागोटं नाही.
अनवाणी, उघड्या डोक्याची, रुंद खांद्यांची अक्षरं
मिल्काना ताबाकोवा दोन वर्षं काढत होती
प्लोवदिवमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
खाली सायकल दुरुस्तीवाल्याची ठोकाठोक.
नाव ठेवलं वोल. त्यांच्या भाषेत बैल.

वाटतं, जाड करणं सोपं.
पण गोल अक्षर चौकोनीपेक्षा केसभर उंच काढावं
तेव्हा कुठे ते बरोबरीचं दिसतं.
आडवी रेघ उभीहून थोडी बारीक,
नाहीतर अक्षर कपाळावर ओझं घेतल्यासारखं.
हे कुणाला दिसत नाही. दिसलं
तर काहीतरी चुकलेलं असतं.

सगळ्यांत छळलं त्यांच्या लिपीतल्या झ नं.
मधे एक खांब, दोन्ही बाजूंनी
पाठ टेकून दोन कोयते. सहा हात एका जागी.
बारीक असतो तेव्हा चांदणी,
जाड केला की शाईचा गोळा, चिरडलेला भुंगा.

ओग्न्यान, जुना खिळेजुळारी,
बोटांच्या पेरांत अजून शिसं,
कागद उलटा धरून म्हणाला,
पोरी, याला श्वास कुठून घ्यायचा?
मग तिनं सांध्यासांध्यात खाचा पाडल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या.
लांबून त्या मिटतात, आणि झ
सहा पायांवर उभा राहतो.

वोल बाजारात गेला.
कलिंगडाच्या ट्रकवर चढून ओरडला, गोड!
टायरच्या दुकानावर बसला.
निवडणुकीत दोघांनीही भाड्यानं नेला,
समोरासमोरच्या भिंतींवरून
एकाच अक्षरात एकमेकांना चोर म्हणाले.
जॅमच्या कारखान्याचं नाव त्यातच होतं,
फाटकावरचं 'बंद'ही त्यातच.
बैलाला काय, जुंपेल तिथे ओढायचं.

इथे माणूस गेला की त्याचा कागद लागतो
दारावर, विजेच्या खांबावर, लिंडनच्या झाडाला.
फोटो, नाव, किती दिवस झाले:
चाळीस, सहा महिने, वर्ष.
अक्षरं सोज्वळ, टोकांना नाजूक फराटे.
मेलेल्यांबद्दल कुणी ओरडत नाही.

कुझमानच्या झेरॉक्सच्या दुकानात
पराश्केवा आजी काउंटर धरून उभी.
मोठं कर.
केलं.
आणखी. फोटो काढून टाक, मला दिसतच नाही तो.
कुझमाननं हळूहळू जाड अक्षरांपर्यंत उतरत जाऊन
शेवटी वोल लावला, आणि स्वतःच दचकला.
आजी, हे टायरवाल्याचं अक्षर आहे हो.
मग? चाळीस वर्षं
तो दुसरं काय बदलत होता?

मिल्काना पाव घेऊन येत होती.
लिंडनच्या बुंध्यावर, इतर फिकट कागदांमध्ये,
रुंदीभर एकच नाव: झेल्याझ्को.
खाली बोटभर जागेत तारखा.
रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत
खुर्ची ओढून म्हातारी बसलेली,
ओठ हलत होते, एकेक अक्षर लावत.

मिल्काना जवळ गेली. तिच्या खाचा
शाईनं भरल्या नव्हत्या. स्वस्त कागद असूनही.
मग डोळा, सवयीनं, शेवटाकडे सरकला.
क आणि ओ यांच्यामध्ये
फट जरा जास्तच राहिली होती.
क चे पसरलेले हात
ओ च्या पोटापर्यंत पोचत नव्हते.

पाव ओट्यावर तसाच ठेवून
तिनं यंत्र चालू केलं
आणि ती फट बारा एककांनी कमी केली.
पुढच्या कागदासाठी.
सहा महिन्यांचा लागेल तेव्हा.